डहाणू-तलासरी किनाऱ्यावरील पर्जन्यप्रवाहाचे दूषण व त्याच्या नियंत्रणाची योजना

१. विषयाची व्याप्ती

खाडीचे पाणी दूषित झाले म्हणजे आपण प्रथम एखाद्या कारखान्याची मोरी शोधू लागतो. हे स्वाभाविक आहे. मोरी एका ठिकाणी असते, तिला मालक असतो, तिच्यातील पाण्याचा नमुना घेता येतो आणि दोष कोणाचा हे ठरविता येते. परंतु पावसाळ्यात किनाऱ्यावरील खाड्यांत जी घाण उतरते, तिचा बराचसा भाग अशा कोणत्याही एका मोरीतून येत नाही. रस्ते, छपरे, बाजाराचे ओटे, गाड्या दुरुस्त करण्याच्या जागा, बांधकामाचे भराव, फवारणी झालेल्या वाड्या आणि उघडी गटारे यांवरून वाहणारे पावसाचे पाणीच ती आपल्याबरोबर आणीत असते. या दूषणाला एक उगम नाही आणि म्हणून एक मालकही नाही. त्याचे मोजमाप, त्याचे नियमन व त्याची जबाबदारी हे तीनही प्रश्न त्यामुळे अवघड होऊन बसतात.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांच्या संदर्भात करावयाचा आहे. हा प्रदेश निवडण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, डहाणू तालुका हा पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून केंद्र शासनाने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने स्वतंत्रपणे संरक्षिलेला प्रदेश आहे. तेव्हा येथे कायद्याचे बळ पुष्कळ असूनही पर्जन्यप्रवाहाचा प्रश्न कसा शिल्लक राहतो हे स्पष्टपणे पाहता येते. दुसरे असे की, येथील नागरी वस्ती अद्याप मर्यादित आहे. २०११ च्या जनगणनेत डहाणू नगरपरिषदेची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास होती. म्हणजे जी योजना मुंबईस आता फार मोठ्या खर्चाने करावी लागते, ती येथे वेळीच व थोडक्यात करता येण्याजोगी आहे.

२. प्रदेशाची रचना

पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना या प्रदेशाचे स्थूलमानाने तीन पट्टे पडतात. पहिला पट्टा डोंगरउताराचा. येथे वारली व इतर आदिवासी समाजांचे पाडे, वरकस जमीन, उरलेले जंगल आणि सखल भागी भाताची खाचरे आहेत. दुसरा पट्टा दळणवळणाचा. मुंबई-अहमदाबाद महामार्ग चारोटीवरून तलासरीकडे व पुढे अच्छाडच्या सीमेकडे जातो. पश्चिमेस रेल्वेमार्ग आहे आणि डहाणू रोड स्थानकाभोवती बाजारपेठ वाढलेली आहे. तिसरा पट्टा किनाऱ्याचा. बोर्डी, घोलवड, चिखले, नरपड यांसारख्या गावांच्या चिकूच्या वाड्या, रेताड जमिनीतील विहिरी, खाजणे, मिठागरे, तिवरांची दाटी आणि मच्छीमार वस्त्या या पट्ट्यात येतात.

परंतु पाणी तालुक्याची हद्द मानीत नाही. डहाणू तालुक्याच्या पूर्व-दक्षिण भागातील पाणी सूर्या नदीस मिळते व ती पुढे पालघर तालुक्यात वैतरणेस मिळते. तलासरी तालुक्यातील बरेचसे पाणी वरोळी नदीवाटे गुजरातच्या उंबरगाव तालुक्यातून समुद्रास जाते. उरलेले पाणी लहान लहान ओहोळांनी डहाणूच्या खाडीत किंवा सरळ किनाऱ्यावर उतरते. यावरून नियोजनाचा पहिला नियम निघतो. 'डहाणू-तलासरीची योजना' अशी एकच योजना करून चालणार नाही. पाणलोट क्षेत्रे निराळी काढून प्रत्येकाचा विचार त्याच्या मुखापर्यंत केला पाहिजे. मग ते मुख दुसऱ्या तालुक्यात असो वा दुसऱ्या राज्यात.

३. दूषणाची क्रिया

पर्जन्यप्रवाहाचे दूषण दोन टप्प्यांनी घडते. कोरड्या दिवसांत पृष्ठभागावर धूळ, तेल, चाकांच्या रबराची भुकटी, जनावरांची विष्ठा, कुजका भाजीपाला, मासळीचे अवशेष इत्यादी साचत जातात. हा संचयाचा टप्पा होय. पाऊस आला म्हणजे हा साठा सुटून वाहू लागतो. हा क्षालनाचा टप्पा होय. फरसबंद लहान क्षेत्रात पावसाच्या आरंभी येणारे पाणी पुढच्या पाण्यापेक्षा सामान्यतः अधिक घाण असते.

या बाबतीत आपला प्रदेश आणि ज्या देशांत या विषयाचे शास्त्र वाढले ते देश यांत महत्त्वाचा भेद आहे. अमेरिकेत १९७८ ते १९८३ या काळात नागरी पर्जन्यप्रवाहाची मोठी पाहणी झाली. तीवरून असे दिसून आले की, नागरी भागातून येणारे पावसाचे पाणी निर्मळ असते हा समज चुकीचा असून त्यात गाळ, जड धातू व विष्ठाजन्य जंतू लक्षणीय प्रमाणात असतात. परंतु तेथील पूर्वभागात पाऊस वर्षभर विखुरलेला असल्याने संचय व क्षालन यांची आवर्तने थोड्या थोड्या दिवसांनी होत राहतात. कोकणच्या उत्तर भागात वर्षाचा बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणजे संचय सात-आठ महिने चालतो आणि त्याचे क्षालन मृगाच्या पहिल्या काही सरींत होते. परदेशी कोष्टकांतील सरासरी आकडे येथे जसेच्या तसे लावणे म्हणूनच धोक्याचे आहे. आपल्याकडे सरासरीपेक्षा जूनचा पहिला पंधरवडा अधिक महत्त्वाचा.

नेमका हाच काळ जलचरांच्या प्रजननाचा असतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून सुमारे दोन महिने यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते, ती याच हेतूने. तिवरांच्या मुळांशी आणि खाडीच्या उथळ पाण्यात कोळंबीची व अनेक माशांची पिल्ले वाढतात. शिंपल्या व कालवे तर पाणी गाळून त्यातील कण खातात, त्यामुळे पाण्यातील जंतू त्यांच्या अंगी साठतात. ती हातांनी वेचून घरी नेणाऱ्या व बाजारात विकणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने हा केवळ प्रयोगशाळेचा प्रश्न राहत नाही. एकीकडे मासळी वाढावी म्हणून होड्या किनाऱ्यास ओढून ठेवावयाच्या आणि दुसरीकडे त्याच आठवड्यात गावाची वर्षभराची घाण खाडीत सोडावयाची, ही विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे.

४. फरसबंदीचा परिणाम : एक उदाहरण

जमिनीवर बांधकाम वाढले म्हणजे प्रवाह किती वाढतो, याचा स्थूल अंदाज एका सोप्या सूत्राने करता येतो. हे सूत्र वॉशिंग्टन परिसरासाठी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीतील आहे. त्यानुसार प्रवाहगुणक म्हणजे ०.०५ अधिक अभेद्य क्षेत्राच्या प्रमाणाची ०.९ पट. समजा, रेल्वेमार्गालगत दहा हेक्टर जमीन आहे आणि तिच्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला. एकूण पाणी ५,००० घनमीटर झाले. जमिनीचा दहावा हिस्सा अभेद्य असेल तर गुणक ०.१४ येतो व ७०० घनमीटर पाणी वाहून जाते. तीच जमीन साठ टक्के अभेद्य झाली तर गुणक ०.५९ येतो व वाहणारे पाणी २,९५० घनमीटर होते. म्हणजे चौपटीहून अधिक.

या हिशेबास एक मर्यादा आहे. जुलैमध्ये जमीन पाण्याने तुडुंब भरलेली असताना मोकळ्या रानातूनही पुष्कळ पाणी वाहते. त्या वेळी वरील सूत्र नैसर्गिक जमिनीचा प्रवाह फार कमी दाखवील. मोकळी व फरसबंद जमीन यांतील तफावत सर्वांत मोठी असते ती जूनच्या आरंभी, जमीन तहानलेली असताना. आणि आपण पाहिलेच की, घाणीचा साठाही त्याच वेळी सर्वांत मोठा असतो. फरसबंदीचे दुष्परिणाम पूरनियंत्रणाच्या दृष्टीने जुलैत मोजावेत, परंतु दूषणाच्या दृष्टीने ते जूनमध्ये मोजावे लागतात, हे या चर्चेतून निष्पन्न होते.

भाताच्या खाचराचे स्थान येथे समजून घेतले पाहिजे. बांध घातलेले खाचर म्हणजे वस्तुतः एक उथळ तलावच होय. बांध वीस सेंटिमीटर उंचीचा धरला तरी एक हेक्टर खाचर २,००० घनमीटर पाणी अडवू शकते; त्यात गाळ बसतो आणि पाणी सावकाश पुढे सरकते. त्या खाचरात मुरमाचा भराव टाकून गोदाम किंवा चाळ उभी केली म्हणजे नुकसान दुहेरी होते. पाणी अडविणारी जागा जाते आणि घाण निर्माण करणारी जागा तिच्या ठिकाणी येते. खाजणाचा व तिवरांचा भराव करण्याने तर तिसरी हानी घडते. कारण ओहोळ व समुद्र यांमधील शेवटची गाळणी नाहीशी होते.

५. भरतीचा अडसर

किनाऱ्यावरील योजनेत भरती-ओहोटीचा विचार न केल्यास सर्व गणित कोसळते. खंबायतच्या आखाताकडे जावे तसतसा भरती व ओहोटी यांच्या पातळीतील फरक वाढत जातो आणि डहाणूचा किनारा त्या दिशेसच आहे. उधाणाच्या भरतीत गटारांची मुखे पाण्याखाली जातात व प्रवाह मागे तुंबतो. त्याच वेळी मुसळधार पाऊस आला तर दूषित पाणी रस्त्यांत, अंगणांत व विहिरींत शिरते. भांगाच्या दिवसांत याउलट स्थिती असते. गटार वाहते, पण खाडीतील पाण्याची ये-जा मंद असल्याने आलेली घाण लवकर बाहेर पडत नाही.

कोकणातील खारबंदिस्तीच्या बांधांना पूर्वापार उघाड्या असतात. भरतीचे पाणी आत येऊ न देता ओहोटीच्या वेळी आतील पाणी बाहेर सोडणारे हे दरवाजे होत. नागरी गटारांच्या मुखाशी हीच युक्ती उपयोगी पडेल. परंतु तिच्यामागे पाणी काही तास साठविण्यास जागा राखली पाहिजे. जागा न राखता नुसते दार बसविल्यास पूर फक्त बाहेरचा आत येण्याऐवजी आतलाच आत तुंबेल.

६. कायद्याची पोच

१९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुक्यात उद्योगांची हिरवा, नारिंगी व तांबडा अशी वर्गवारी केली, अनुज्ञेय उद्योगांसाठी एकूण ५०० एकरांची मर्यादा घातली आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरांचा संरक्षक पट्टा ठरविला. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ ऑक्टोबर १९९६ च्या निर्णयानुसार त्याच वर्षी १९ डिसेंबर रोजी डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी हे त्याचे अध्यक्ष होते. १९९५ पासून चालू असलेल्या ५०० मेगावॅटच्या औष्णिक वीजकेंद्रास धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवावी लागली, ती या प्राधिकरणाच्या आग्रहामुळे. १९९८ मध्ये वाढवण येथील बंदराचा प्रस्ताव प्राधिकरणाने अमान्य केला.

हा इतिहास गौरवास्पद आहे यात शंका नाही. तथापि या सर्व व्यवस्थेचा रोख धुराडे, मोरी व प्रकल्प यांवर आहे. १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदाही मुख्यतः कारखान्यांचे व नगरांचे सांडपाणी डोळ्यांपुढे ठेवूनच राबविला जातो. अमेरिकेत १९७२ च्या जलशुद्धी कायद्याचा अनुभव असाच होता. मोऱ्यांवर नियंत्रण आले, तरी पुष्कळ जलाशय सुधारले नाहीत. म्हणून १९८७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून नगरांच्या पर्जन्यगटारांनाही परवान्याच्या कक्षेत आणावे लागले.

डहाणूच्या अधिसूचनेत मात्र एक कलम असे आहे की, त्याचे महत्त्व या दृष्टीने फारसे ओळखले गेलेले नाही. तालुक्याचा प्रादेशिक आराखडा विद्यमान भूमिवापरावर आधारून करावा, हिरवी क्षेत्रे, फळबागा व आदिवासी क्षेत्रे त्यात दाखवावीत आणि त्यांचा वापर बदलू नये, असे ते सांगते. हे कलम निसर्गरक्षणाचे म्हणून वाचले जाते. वरील उदाहरण ध्यानात घेतल्यास तेच पर्जन्यप्रवाहाच्या नियंत्रणाचेही सर्वांत स्वस्त साधन ठरते. तलासरी तालुक्यास असे स्वतंत्र संरक्षण नाही. म्हणून महामार्गालगतच्या भरावांचा प्रश्न तेथे विशेष जपून हाताळावा लागेल.

७. योजनेचा क्रम

नियोजनाचे काम पुढील क्रमाने करणे इष्ट होईल. पहिली पायरी पाणलोटांच्या नकाशाची. प्रत्येक ओहोळाचे क्षेत्र, त्यातील अभेद्य भाग, खाचरे, तलाव, मोऱ्या आणि मुख यांची नोंद व्हावी. महामार्ग व रेल्वे यांच्या बांधांखालील मोऱ्या नैसर्गिक प्रवाह कोठे वळवितात हे जागेवर जाऊनच समजते.

दुसरी पायरी मोजमापाची. पाच-सहा निवडक मुखांशी पहिल्या पावसात दर पंधरा मिनिटांनी नमुने घेऊन गाळ, नत्र, स्फुरद, तेल व विष्ठाजन्य जंतू पाहावेत. सोबत पर्जन्यमापक व प्रवाहाची उंची नोंदावी. जुलै व सप्टेंबरमध्ये तेच पुन्हा करावे. कोरड्या दिवशीही मुखाशी पाणी वाहत असेल, तर ते पर्जन्यजल नव्हे. घरांचे सांडपाणी गटारात मिसळत आहे असे समजावे आणि तो दोष प्रथम दूर करावा. तो शिल्लक असेपर्यंत पर्जन्यप्रवाहावरील कोणताही उपाय फलदायी होणार नाही.

तिसरी पायरी उपायांच्या निवडीची. येथे अभियांत्रिकीतील दोन हेतूंचा विरोध स्पष्टपणे मांडला पाहिजे. मलव्हनी या आयरिश अभियंत्याने १८५१ मध्ये महत्तम प्रवाह काढण्याची जी रीत सांगितली, तिच्या आधाराने आजही गटारांचे आकार ठरतात आणि त्यामागील हेतू पाणी लवकर घालविणे हा असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्यानंतर हा हेतू लोकमानसात अधिकच दृढ झाला. दूषणनियंत्रणास मात्र पाणी सावकाश सोडणे हवे असते. या विरोधाचा परिहार असा होतो : थोड्या व पहिल्या पावसाचे पाणी अडवावे, मोठ्या पावसाचे पाणी वाट मोकळी ठेवून जाऊ द्यावे. एक हेक्टर फरसबंद बाजाराचे पहिले दहा मिलिमीटर पाणी अडविण्यास सुमारे ९० घनमीटरांची टाकी पुरते. म्हणजे दहा मीटर लांब, नऊ मीटर रुंद व एक मीटर खोल. ही आवाक्याबाहेरची गोष्ट नव्हे. मात्र दोन सरींच्या मधल्या वेळात ती रिकामी करण्याची व तळचा गाळ उपसण्याची व्यवस्था नसेल, तर ती केवळ डासांचे आगर होईल.

पाणी जमिनीत मुरविण्याच्या बाबतीत किनाऱ्यावर विशेष विवेक हवा. रेताड जमिनीत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. विहिरींचा उपसा वाढला की खारे पाणी वर येते. छपराचे पहिल्या सरीनंतरचे पाणी विहिरीलगत मुरविल्यास हा थर पुष्ट होतो. रस्त्याचे व बाजाराचे पाणी त्याच रीतीने मुरविल्यास मात्र तेल व जंतू थेट पिण्याच्या पाण्यात जातील. म्हणून छपराचे पाणी आणि रस्त्याचे पाणी यांच्या वाटा आरंभापासून निराळ्या ठेवाव्यात. शोषखड्डा हा सर्व रोगांवरील उपाय नव्हे.

चौथी पायरी नित्य देखभालीची. बहुतेक गावांत पावसाळ्यापूर्वी गटारे उपसली जातात. परंतु उपसलेला गाळ काठावरच ठेवला जातो व पहिल्या सरीसरशी तो पुन्हा गटारात उतरतो. तो चोवीस तासांत हलविणे, मे महिन्याच्या अखेरीस रस्ते व बाजार कोरडेच झाडून घेणे, मासळीच्या ओट्यांचे धुणे निराळ्या टाकीत घेणे आणि वाड्यांतील शेवटची फवारणी व खत पावसाच्या तोंडावर न देणे, हे उपाय अल्पखर्ची आहेत. संचय कमी झाला तर क्षालनाची भीती आपोआप उणावते.

पाचवी पायरी जबाबदारीच्या वाटणीची. नगरपरिषद, नगरपंचायत, ग्रामपंचायती, महामार्ग व रेल्वे यांच्या यंत्रणा, वनविभाग आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्या हद्दी एकाच ओहोळावर एकामागून एक येतात. प्रत्येक पाणलोटासाठी या सर्वांची एक संयुक्त समिती असावी आणि तिने दरवर्षी मुखाशी घेतलेल्या नमुन्यांचे आकडे लोकांपुढे ठेवावेत. वरोळीसारख्या नदीसाठी गुजरातच्या यंत्रणेचा सहभाग अपरिहार्य आहे.

८. काळाची निकड

हा विचार आजच का करावयाचा, याचे उत्तर वाढवण येथे मिळते. १९९८ मध्ये अमान्य झालेल्या बंदराच्या जागी नव्या स्वरूपाच्या प्रकल्पास प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी अटींसह संमती दिली. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी ७६,२२० कोटी रुपये खर्चाच्या या प्रकल्पास मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव त्यात योजिलेला आहे. मच्छीमारांच्या संघटनांचा त्यास असलेला विरोध सर्वश्रुत आहे. बंदराच्या इष्टानिष्टतेची चर्चा हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. परंतु बंदरास जोडणारा रस्ता, लोहमार्ग आणि त्यांच्या आश्रयाने उभी राहणारी गोदामे, वाहनतळ व वसाहती यांमुळे किनारपट्टीतील अभेद्य क्षेत्र वाढेल, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही. या वाढीचा प्रत्येक तुकडा आपल्या परीने लहान असेल, निराळ्या परवानगीने होईल आणि एकटा पाहता निरुपद्रवी वाटेल. पर्जन्यप्रवाहाचे दूषण याच रीतीने वाढत असते.

मोठी बांधकामे होण्यापूर्वीची दोन-तीन वर्षांची मोजमापे हाती नसतील, तर पुढे खाडी बिघडली काय, किती बिघडली व कशाने बिघडली, यांपैकी कोणत्याही प्रश्नास आधारयुक्त उत्तर देता येणार नाही. प्रकल्पाचे समर्थक व विरोधक या दोघांनाही मग केवळ मतावर विसंबावे लागेल. स्थापत्य, भूगोल, सूक्ष्मजीवशास्त्र व मत्स्यविज्ञान या शाखांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे उपयुक्त संशोधनाचे क्षेत्र मोकळे आहे. त्यास लागणारी साधने साधी आहेत : एक पर्जन्यमापक, काही निर्जंतुक बाटल्या, भरतीचे कोष्टक आणि पहिल्या सरीच्या वेळी ओहोळाच्या मुखाशी हजर राहण्याची तयारी. हे काम येत्या जूनपासूनच हाती घेतले गेले पाहिजे.